पेन प्रेस शेवटी घ्या



मागच्या व्हिडिओत आपण लेथवर लाकडी पेनचं बॅरल कसं काढायचं ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "मॅडम, पेन जोडायला प्रेस कुठला घेऊ?" याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत देता आलं असतं. पण यात तुमच्या पैशाचा हिशोब आहे, आणि हिशोब लिहूनच केलेला बरा.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्रेस घ्या, पण सगळ्यात शेवटी घ्या. आधी बॅरलची तयारी करणारी छोटी हत्यारं, मग दाबायचं मशीन.

हे मी दुकानदार म्हणून बोलतेय हे लक्षात घ्या. कोल्हापुरात माझं हत्यारांचं दुकान आहे आणि पेन प्रेस आमच्या काउंटरवर ठेवलेला आहे. तो विकला गेला तर मला दोन पैसे मिळतात. तरीही नवीन माणसाला मी तो पहिल्या दिवशी देत नाही, कारण पैसे संपून धंदा बंद पडलेलं गिऱ्हाईक परत दुकानात येत नाही. तीन वर्षं टिकलेलं गिऱ्हाईक मात्र प्रेसही घेतं, ड्रिल बिटही घेतं आणि सोबत आणखी दोघांना घेऊन येतं.

आधी पेन ठरवा, मग हत्यार

हाताने बनवलेला पेन म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. राजमहेंद्रीचे रत्नम पेन तुम्ही ऐकले असतील. 1930च्या दशकापासून तिथे एबोनाइटचे शाईपेन लेथवर बनतात. असल्या पेनमध्ये टोपण आणि बॅरल आट्यांनी एकमेकांत बसतं. तिथे लागतात टॅप आणि डाय. दाबून बसवायचा प्रेस तिथे जवळजवळ लागतच नाही.

आपल्या बॅचमधले बहुतेक लोक करतात तो किटचा पेन. किटमध्ये पितळी ट्यूब, टोक, ट्विस्ट, क्लिप, वरची टोपी हे सगळं तयार येतं. लाकडाच्या ब्लँकला भोक पाडायचं, ट्यूब चिकटवायची, टोकं सपाट करायची, लेथवर आकार द्यायचा, पॉलिश करायचं आणि शेवटी धातूचे भाग ट्यूबमध्ये दाबून बसवायचे. इथे ना स्क्रू, ना आटे. धातूचा भाग ट्यूबमध्ये घट्ट बसतो, त्या घट्टपणावरच सगळा पेन उभा असतो.

सुरुवातीला एकच किट ठरवा आणि सहा महिने त्यालाच चिकटून राहा. स्लिमलाइन घेतलात तर 7 मिलिमीटरची ट्यूब, तेवढाच ड्रिल बिट, त्याचेच बुशिंग. दुसरा प्रकार घेतला की बिट वेगळा, बुशिंग वेगळं, ट्रिमरचा दांडाही वेगळा. पाच प्रकारचे किट आणून ठेवलेत तर हत्यारांचा खर्चही पाचपट होत जातो, आणि हात कुठल्याच प्रकारावर बसत नाही.

आणखी एक धंद्याची गोष्ट. किट घेताना रिफिल कुठली लागते ते विचारा. पार्कर पद्धतीची रिफिल आपल्याकडे साध्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. स्लिमलाइनला लागणारी क्रॉस पद्धतीची रिफिल प्रत्येक गावात मिळेलच असं नाही. तुमचा पेन घेतलेल्या माणसाची रिफिल संपल्यावर तो काय करणार, याचा विचार विकायच्या आधी करायचा असतो.

सगळी किंमत शेवटच्या पाच मिनिटांत अडकलेली असते

जोडणीला पाच मिनिटं लागतात, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. पण बघा, भोक पाडताना ब्लँक फुटला तर तुमचं काय गेलं? लाकडाचा एक तुकडा आणि चार मिनिटं. लेथवर बॅरल उडालं तर लाकूड, ट्यूब आणि वीस-पंचवीस मिनिटं. पण पॉलिश होऊन चकचकीत झालेलं बॅरल शेवटच्या दाबाला तडकलं तर लाकूड, ट्यूब, गोंद, पॉलिश आणि तुमचा तासभर वेळ, सगळं एकदम जातं. घाईत ओढाताण केली तर किटचे भागही ओरखडतात.

म्हणून जोडणीच्या हत्याराकडून मला दोनच गोष्टी हव्यात. एक, दाब अगदी सरळ रेषेत पडला पाहिजे. दोन, मला हवं तिथे थांबता आलं पाहिजे. ताकद तिसऱ्या नंबरवर. 7 मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये टोक बसवायला टनाची ताकद लागत नाही. लागत असेल तर काहीतरी आधीच चुकलेलं आहे.

थांबता येणं किती महत्त्वाचं, ते स्लिमलाइनच्या ट्विस्टमध्ये कळतं. ट्विस्टवर एक बारीक खाच असते, साधारण तिथपर्यंत तो दाबायचा असतो. कमी दाबला तर रिफिलचं टोक पुरेसं बाहेर येत नाही. अशा वेळी पुन्हा थोडा दाबता येतो. पण जास्त दाबला गेला, तर पेन बंद केल्यावरही टोक बाहेरच राहतं आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला शाई लागते. जास्त गेलेला ट्विस्ट ओढून बाहेर काढणं म्हणजे डोकेदुखी. त्यामुळे नियम साधा: खाचेच्या एक-दोन मिलिमीटर आधीच थांबा, रिफिल घालून फिरवून बघा, मग उरलेलं अंतर हळूहळू दाबा.

बॅरल फुटतं कशाने?

हा या लेखाचा मुख्य मुद्दा. जोडताना बॅरल फुटलं की नव्वद टक्के लोकांचं बोट प्रेसकडे नाहीतर शिकंज्याकडे जातं. माझ्या काउंटरवर लोक फुटलेली बॅरल घेऊन येतात तेव्हा मी आधी ट्यूबच्या आत बॅटरी मारून बघते. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

पहिलं कारण, ट्यूबच्या तोंडाशी आतून सुकलेला गोंद. फेविक्विकसारखा गोंद असो की एपॉक्सी, ट्यूब ब्लँकमध्ये सरकवताना तो आत शिरतो आणि कडक होतो. मग धातूच्या भागाला जागा उरत नाही. दाबलं की पितळ फुगतं आणि वरचं लाकूड तडकतं. टोकाशी लाकडाची जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी असते, ते किती सोसणार?

दुसरं कारण, बॅरलचं टोक ट्यूबशी काटकोनात नसणं. एक बाजू जराशी उंच असली तरी सगळा दाब आधी त्या बाजूवर येतो. फुटलं नाही तरी जोडावर चंद्रकोरीसारखी फट दिसते. गिऱ्हाईक पेन हातात घेतं, अंगठा फिरवतं आणि फट लागली की खाली ठेवतं. तोंडाने काही बोलत नाही.

तिसरं, टोकाच्या कडेवर जमलेला पॉलिशचा थर. सीए गोंदाचं फिनिश करताना बॅरल आणि बुशिंग मिळून एकच थर बनतो. तो कडेला व्यवस्थित न कापता बुशिंग ओढून काढलं, तर कडेला टवके आणि बारीक उंचवटे राहतात. दाब पडला की काचेसारखा चरा उठतो. फिनिश पूर्ण सुकायच्या आत जोडायला घेतलं तरी हीच गत.

चौथं, लाकूड ओलं असणं. यात गंमत अशी की पेन जोडताना काहीच होत नाही, महिन्याभराने होतं. पितळ आकसत नाही, लाकूड आकसतं. पावसाळ्यात कोकणातून आणलेलं लाकूड न सुकवता वापरलंत आणि तो पेन उन्हाळ्यात विदर्भात गेला, तर ट्यूबभोवतीचं लाकूड सुकून उभी चीर पडू शकते. जगातला सगळ्यात महाग प्रेस घेतला तरी ही चीर थांबणार नाही.

या चार कारणांपैकी एकही प्रेस घेऊन दूर होत नाही. प्रेस फक्त पाचवं कारण दूर करतो, ते म्हणजे वाकडा दाब. आणि वाकडा दाब घालवायला त्याहून स्वस्त उपायही आहेत.

एक उदाहरण देते. गडहिंग्लजकडच्या एका ताईंना शिक्षक दिनासाठी एका शाळेची 60 पेनांची ऑर्डर मिळाली. पहिल्यांदाच एवढी मोठी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाजात रडू होतं. वीस पेन जोडताना सहा फुटले होते. "आत्ताच्या आत्ता प्रेस पाठवा, ताई, पैसे उद्या टाकते." मी म्हटलं, प्रेस पाठवते, पण आधी ती फुटलेली बॅरल घेऊन या. दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. सहापैकी पाच बॅरलच्या आत गोंदाचं कडं जमलेलं होतं. सहाव्याचं टोक तिरकं होतं. त्या घेऊन गेल्या एक बारीक गोल कानस, नवीन ट्रिमरची पाती आणि काही जास्तीच्या ट्यूब. उरलेल्या चाळीसमध्येही दोन फुटले, पण ते धरूनच त्यांनी जादा ब्लँक तयार ठेवले होते. 5 सप्टेंबरच्या आदल्या दिवशी 60 पेन शाळेत पोचले. प्रेस घेतला असता तर पैसे गेले असते आणि पेन तसेच फुटत राहिले असते.

मग दाबायला काय वापरायचं? एकेक बघू

हातोडी: नाही. रबराची पण नाही. घाव कधी सरळ बसतो, कधी नाही, आणि मध्येच थांबवता येत नाही.

ट्रिगर क्लॅम्प किंवा एफ क्लॅम्प: अडीनडीला ठीक. पण जोर लावला की त्याची पट्टी वाकते आणि तोंडं तिरकी होतात. रोजच्या कामाला नको.

शिकंजा, म्हणजे बेंच व्हाइस: बऱ्याच जणांकडे आधीच असतो. तोंडांना सागवानाच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्या लावा, म्हणजे धातूवर ओरखडे येणार नाहीत. स्क्रू असल्यामुळे दाब हळूहळू देता येतो, हा मोठा फायदा. तोटा एवढाच की जुन्या किंवा हलक्या शिकंज्याचं पुढचं तोंड दाब आला की वर उचलतं. पेन तोंडाच्या मधोमध आणि शक्य तितका खाली धरा. ट्विस्टसकट बॅरल मावेल एवढं तोंड उघडतं का, तेही बघून घ्या.

ड्रिल प्रेस: उभं ड्रिल मशीन असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, चकमध्ये गोल लाकडाचा तुकडा धरा आणि हँडलने दाबा. रेषा सरळ मिळते. शिवाय बऱ्याच ड्रिल प्रेसवर खोली अडवायची नट असते, ती ट्विस्टला कामाची. मात्र हँडल झटक्यात खाली येतं, म्हणून नवीन हाताने जपून.

आर्बर प्रेस: मशीन शॉपवाले बेअरिंग, बुश बसवायला वापरतात तो. मजबूत आहे, सरळ आहे, पण आपल्या कामाला ताकद फार. हाताला अंदाज येण्याआधीच ट्विस्ट खोल जातो. उद्यमनगरमध्ये ओळखीत जुना पडून असेल तर जरूर वापरा, त्यासाठी मुद्दाम नवीन विकत घेऊ नका.

लेथ: आणि हे माझं आवडतं उत्तर. ज्या लेथवर तुम्ही बॅरल काढलंत तोच तुमचा पहिला प्रेस. वीज बंद, प्लग बाहेर. मॅन्ड्रेल काढा. हेडस्टॉकच्या बाजूला लाकडाचा किंवा नायलॉनचा सपाट तुकडा बसवा, टेलस्टॉकच्या बाजूला दुसरा. मध्ये पेन धरा आणि टेलस्टॉकचं चाक फिरवा. दोन्ही बाजू एकाच रेषेत असतात, कारण लेथ त्यासाठीच बनलेला असतो. चाकाच्या एका फेऱ्यात अगदी थोडं अंतर जातं, त्यामुळे हवं तिथे थांबता येतं. आणि खर्च? दोन ठोकळे. नायलॉनचे हवे असतील तर शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही टर्नर काढून देईल. फक्त आधी बेडवरचा भुसा झाडा, नाहीतर तोच पॉलिशवर घासतो.

लेथचा तोटा एकच. जोडणी चालू असताना त्यावर दुसरं बॅरल काढता येत नाही. महिन्याला पंधरा-वीस पेन करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. शंभर करणाऱ्याला पडतो.

पेन प्रेस: आता याची पाळी. लिव्हर, सरळ दांडा, पेनच्या लांबीप्रमाणे पुढेमागे करता येणारी बैठक, नायलॉनची तोंडं. वेग चांगला आणि हाताला आराम. घ्यायचाच झाला तर दुकानात तीन गोष्टी तपासा. दांडा पूर्ण बाहेर काढून हलवून बघा, डुगडुगला तर परत ठेवा. दोन्ही तोंडं एकमेकांसमोर अचूक येतात का बघा. आणि खोली अडवायची सोय आहे का विचारा. नसेल तर लाकडाचा मापाचा ठोकळा करून चालवता येतं, पण मग भावात तेवढी घासाघीस करा.

आता वही काढा

खालचे आकडे फक्त हिशोब समजायला धरलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा किट 180 रुपये, लाकूड 40, गोंद-पॉलिश पेपर-फिनिश 30. झाले 250. तुमच्या वेळेचे 100 धरा, कारण तुमचा वेळ फुकट नाही. म्हणजे पूर्ण झालेला एक पेन फुटला की 350 गेले.

समजा 50 पेनमागे 4 फुटतात. त्यातले 3 गोंद आणि तिरक्या टोकामुळे, 1 वाकड्या दाबामुळे. प्रेस समजा 4,000 रुपयांचा. तो 50 पेनमागे फक्त एक पेन वाचवणार, म्हणजे 350 रुपये. 4,000 वसूल व्हायला साधारण 570 पेन लागतील. महिन्याला 20 पेन करत असाल तर दोन वर्षांच्या वर.

तेच समजा 500 रुपयांत गोल कानस आणि ट्रिमरची चांगली पाती आली आणि ते तीन पेन वाचले. 50 पेनमागे 1,050 रुपये. म्हणजे पहिल्या पंचवीस पेनमध्येच पैसे परत. सांगा, आधी काय घ्यायचं?

"पण मॅडम, प्रेसने वेळ वाचतो." बरोबर, वाचतो. पेनमागे दोन मिनिटं वाचली असं धरू. महिन्याला 20 पेन म्हणजे 40 मिनिटं. ती वाचवून तुम्ही काय करणार ते आधी सांगा. महिन्याला 150 पेन असतील तर पाच तास वाचतात, तेव्हा प्रेस घ्यायला मीच सांगेन. त्या दिवशी तो खर्च राहत नाही, कामाला आलेला माणूस होतो.

हे मी एवढं ताणून का सांगतेय? कारण माझ्याकडे येणारे बरेच जण कर्ज काढून सुरुवात करतात. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातले सगळे जर लेथ, प्रेस, तीन प्रकारचे बुशिंग यात घातले, तर किट आणायला, लाकूड सुकवून ठेवायला, डबे छापायला हातात काय उरलं? ऑर्डर येते तेव्हा माल नसतो, आणि पहिला हप्ता मात्र वेळेवर येतो. हत्यारं भिंतीला टांगून हप्ता फिटत नाही. धंद्यात फिरता पैसा हेच पहिलं हत्यार.

माझी खरेदीची यादी, याच क्रमाने

1. बॅरल ट्रिमर, म्हणजे पेन मिल, आणि त्याची धारदार पाती. बोथट पातं टोक कापत नाही, फाडतं. पितळाची चमक दिसली की थांबायचं, त्यापुढे गेलात तर ट्यूब आखूड होते आणि ट्विस्टचं माप चुकतं.

2. बारीक गोल कानस. जोडायच्या आधी प्रत्येक ट्यूबच्या दोन्ही तोंडांतून हलक्या हाताने फिरवा. गोंद आत जाऊ नये म्हणून आणखी सोपी युक्ती: ट्यूब चिकटवण्याआधी तिचं तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीवर दाबा. बूच तयार. काम झालं की टोचून काढून टाका. खर्च अर्धा बटाटा.

3. ट्यूबपेक्षा जरा बारीक पितळी किंवा लोखंडी गज, एका मापाचे दोन-तीन. जोडणी चुकली तर आतून ठोकून टोक आणि टोपी बाहेर काढता येतात. 180 चा किट वाचला तर नुकसान निम्म्याच्या खाली येतं. ट्यूब सुट्या मिळतात, त्या दहा-बारा जास्तीच्या ठेवा.

4. लेथसाठी किंवा शिकंज्यासाठी दोन नायलॉनचे ठोकळे.

5. एक वही. यात लिहायचं: आज किती जोडले, किती फुटले, कशाने फुटले. कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. फुटलेलं बॅरल उभं चिरून आत बघा, मग लिहा.

6. पेन प्रेस. वही सांगेल तेव्हा.

आणि एक चाचणी, ती फुकट आहे. दाबायच्या आधी प्रत्येक भाग बोटाने ट्यूबच्या तोंडात टेकवून बघा. तो जरासा आत शिरून सरळ उभा राहिला पाहिजे. तिरका राहतोय, किंवा अजिबात शिरतच नाही, तर दाबू नका. कानस घ्या. उलट फारच सैल असेल तर गोंदाचा एक छोटा थेंब चालतो, पण ट्विस्टजवळ गोंद लावताना जपून. आत गेला तर ट्विस्ट कायमचा जाम.

शेवटचं. तुमच्या वहीत 100 पेनचा हिशोब झाला, वाकड्या दाबाने फुटलेले खरोखर जास्त निघाले किंवा लेथ जोडणीत अडकून ऑर्डर थांबायला लागल्या, तर वही घेऊन दुकानात या. कुठला प्रेस घ्यायचा ते वही बघून ठरवू. चहा माझ्याकडून.

पुढच्या व्हिडिओत पेनचा भाव कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत कानस चालू ठेवा.